तिचा नकार

आमचे वडील आठवडाभर ठाण्याच्या कोर्टात वकील असत आणि रविवारी सुधारक. लग्न ठरवताना मुलीची संमती घ्यावी, यावर ते तास तास बोलत आणि आई आत त्यांच्या श्रोत्यांसाठी पोहे परतत असे. तिचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा ती अंगणात सागरगोटे खेळत होती.

मी कल्याणला मुलगी पाहायला जाणार, असं ठरलं. आदल्या दिवशी आईने मला पाटावर बसवलं.

"ऊठ, जरा चालून दाखव. आता दात बघू. शेंडी सोड, केस किती लांब आहेत ते कळू दे."

ताई हसून लोळायला लागली. मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

"मुलीला असं वाटतं," आई म्हणाली. "तिला हे करायला लावू नकोस. आणि तिला विचार."

कल्याणला माझ्याबरोबर वडील आणि काका आले. काकांनी मुलीला सुई ओवायला लावली, मग वेणी सोडायला सांगितली. मी म्हणालो, "राहू द्या." आणि भरल्या बैठकीत तिला विचारलं, "मी तुम्हाला पसंत आहे का?"

उत्तर काय येणार याची मला पक्की खात्री होती. मी मॅट्रिक झालेलो होतो, नाकही सरळ होतं.

तिने मान वर करून मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाही."

तिचे वडील ताडकन उठले. त्यांचा हात वर गेलेला पाहून मी घाबरून बोलून गेलो, "मलाच मुलगी पसंत नाही."

हात खाली आला. सगळ्यांना हायसं वाटलं. मुलाने नाकारणं रीतीला धरून होतं, त्यामुळे पानसुपारीही झाली.

पुढच्या रविवारी वडिलांनी भाषणात सांगितलं, की माझ्या मुलाने भर बैठकीत आपलं मत निर्भीडपणे मांडलं. टाळ्या पडल्या. तिचं उत्तर त्यांनी माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

आईला सारं सांगितलं तेव्हा मला शाबासकीची आशा होती.

"मार वाचवलास, बरं केलंस," ती म्हणाली. "पण नाही कोण म्हणालं, ते कुणाला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. ठाण्याच्या मुलाने नाकारलेली, अशीच कल्याणात तिची ओळख झाली. त्या दिवशी तिच्या वाट्याला बोलायला एकच शब्द आला होता आणि तोही मी घेऊन आलो.