रिकाम्या जागेचे फोटो

मला तक्रार करायला आवडतं. त्यात लपवायचं काय! रस्त्यावरचा दिवा गेला, गटाराचं झाकण चोरीला गेलं, की मी तक्रारींच्या सरकारी अ‍ॅपवर ते टाकलंच म्हणून समजा. नवरा म्हणतो, हिला माहेरून आंदण म्हणून तक्रारपेटीच द्यायला हवी होती. हसू दे त्याला. आम्ही पुण्याहून दिल्लीला, इथे द्वारकेत आलो तेव्हापासून आमच्या सोसायटीबाहेरचा रस्ता माझ्यामुळेच जरा माणसात आहे.

तर त्या हिवाळ्यात आमच्या मागच्या फाटकासमोर, मेट्रोच्या खांबाखाली, एक म्हातारी येऊन राहिली. खांबाभोवती कमरेएवढा सिमेंटचा कठडा आहे, त्याच्या आडोशाला तिची गोधडी आणि एक प्लास्टिकची बादली. मी सकाळी तिला स्टीलच्या ग्लासातून चहा नेऊन द्यायला लागले. 'अम्मा, चाय' म्हणायचे, ती 'जीती रहो बेटा' म्हणायची. चहा झाला की ग्लास विसळून कठड्यावर उपडा घालायची. एके दिवशी एक कुत्रं तिच्या गोधडीवर येऊन बसलं, तशी ती ओरडली, "हाड्! हाड् मेल्या!"

माझ्या हातातला चहा हिंदकळला. "अगं बाई! मावशी, तुम्ही मराठी?"

"मग काय तर," ती म्हणाली आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला.

लक्ष्मीबाई नगरात एका मराठी साहेबांकडे ती तरुणपणापासून स्वयंपाकाला होती. त्यांनीच तिला गावाहून आणलेलं. साहेब गेले, मग बाई गेल्या, आणि ज्या बिल्डिंगच्या मागच्या खोलीत ती राहायची ती बिल्डिंगच पाडली. गावात आता ओळखणारं कुणी नाही. मी म्हटलं, माझ्याकडे चला. ती म्हणाली, "नको ताई. दुसऱ्याच्या घरात झोपलं की एक कान उघडा राहतो. कधी हाक येईल काय सांगावं." रैन बसेऱ्यात जायला मात्र ती तयार होती. थंडी वाढत चालली होती आणि तिच्या खोकल्याचा आवाज मला चांगला वाटत नव्हता.

रिक्षा करून मी तिला बेघरांच्या त्या निवाऱ्यात घेऊन गेले. तिथला माणूस म्हणाला, बायकांचा बसेरा वेगळा आहे, आणि तिथे फक्त आमची टीम आणते त्यांनाच घेतात. तुम्ही तक्रार टाका, गाडी येईल. घ्या! तक्रार म्हणजे तर माझा प्रांत. घरी येऊन लगेच टाकली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'समस्या का समाधान कर दिया गया है.' सोबत फोटो. खांब, कठडा, झाडलेली जमीन. माणूस नाही. चला, म्हातारीची सोय झाली, असं म्हणून मी बाल्कनीत आले, तर खाली धुक्यात ती बसलेली. मी फोनकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

धावत खाली गेले. ती म्हणाली, "मोटरसायकलवरून दोघं आले होते. म्हणाले, अम्मा, ज़रा साइड में. मी गोधडी उचलली नि झाले बाजूला. फोटो काढला आणि गेले."

"आणि तुम्ही झालात बाजूला?"

"फोटो म्हटल्यावर व्हायचंच असतं ना, ताई. साहेबांकडे गणपती असो की पोरांचे वाढदिवस, मी पुऱ्यांचं ताट घेऊन आले की बाई म्हणायच्या, थांब गं, जरा बाजूला हो. मग हाक मारायच्या, झाला फोटो, ये आता."

माझं डोकं फिरलं. पुन्हा तक्रार टाकली, पुन्हा टाकली. प्रत्येक वेळी समाधान, प्रत्येक वेळी रिकामी जागा. एका फोटोत कठड्यावर माझा ग्लास होता, चहातून वाफ निघत होती, आणि पिणारी नव्हती. तो फोटो मी रात्री नवऱ्याला दाखवला. त्यानं फोन पालथा ठेवला. हेल्पलाइनवाल्याला मी ओरडून सांगितलं, "भैया, वो मेरे सामने बैठी है!" तो शांतपणे म्हणाला, "मैडम, फोटो में तो कोई नहीं है."

मग म्हटलं, पुरावा आपणच काढू. पण मी फोन वर केला की मावशी सरकलीच. "अहो, तुमचाच काढतेय!" "हो का? काढा, काढा," म्हणायची आणि तेवढ्यात पुन्हा बाजूला. शेवटी एका फोटोच्या कडेला तिचं नुसतं कोपर आलं. आम्ही दोघी हसलो त्यावर.

आणि एका सकाळी ती नव्हती. गोधडी नाही, बादली नाही, फक्त कठड्यावर ग्लास उपडा. आली एकदाची गाडी, असं मला वाटलं. बायकांच्या बसेऱ्यात फोन केला, तर अशी कुणी आलीच नव्हती. हरवल्याची तक्रार टाकली, तर उत्तर आलं की त्या जागी कुणी राहत असल्याचं आढळलेलं नाही. सोबत फोटो. आता तो खरा होता, आणि आधीच्या फोटोंपेक्षा जराही वेगळा नव्हता.

पोलीस चौकीत विचारलं, फोटो आहे का? मी फोन काढला. खांबाचे किती फोटो! एकातही ती नाही. शेवटी कोपराचा दाखवला. हवालदारानं दोन बोटांनी तो मोठा केला. "ये क्या है?" "कोहनी," मी म्हटलं आणि तिथेच रडायला लागले.

अजूनही मी सकाळी कठड्यावर चहा ठेवते. लोक वेडी म्हणतात, म्हणोत. तक्रारही टाकत असते. काल असाच भरलेला ग्लास ठेवून वर आले, पोहे फोडणीला टाकले आणि फोन वाजला. समाधान कर दिया गया है. फोटोत खांब, धुकं, कठडा. कठड्यावर ग्लास उपडा.

मी गॅस बंद केला आणि तशीच चपला सरकवून खाली पळाले. ग्लास विसळलेला होता, खाली ओलं वर्तुळ, आणि स्टील अजून कोमट. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, फोटोवाले आत्ताच गेले, और किसी को नहीं देखा मैडम. मी खांबाभोवती फिरून आले, कुणी नाही. ते कुत्रं मात्र जरा लांब उभं होतं, धुक्याकडे तोंड करून शेपूट हलवत.

मी मोठ्यांदा हाक मारली, "मावशी, झाला फोटो. या आता."