जोडतिकीट आणि रश्मीचं स्थळ

रेल्वेच्या बुकिंग खिडकीत माझी उभी हयात गेली, त्यामुळे स्वस्त तिकीट मला दुरूनच दिसतं. घरचे माझ्यापासून लपून ऑटोनं जातात.

आमच्या रश्मीला बघायला मुलाकडच्यांनी आम्हालाच जुन्या रायपुरातून नव्या रायपूरला बोलावलं होतं. ठीक चार वाजता! मुलाचे वडील वेळेचे भलतेच कडक. आणि रश्मीला मुलगा मनापासून आवडलेला (हे तिनं आईला सांगितलं, मला कोण सांगतो!).

"टॅक्सी बोलवा," सौ. म्हणाली.

"टॅक्सी? अवं, जोडतिकीट आहे! रेल्वेतून उतरून अर्ध्या तासात बस पकडली, तं बसचं भाडं निम्मं!"

गाडी नव्या रायपूरच्या स्टेशनात वेळेवर पोहोचली. जणू मीच चालवत आणली, अशा ऐटीत मी उतरलो. तेवढ्यात एका गृहस्थानं विचारलं, "भैया, ये टिकट कैसा है?"

झालं! माझ्यातला क्लार्क जागा झाला. मी भाड्याचं गणित सुरू केलं. भोवती चार माणसं जमली. मला तर स्फुरणच चढलं!

"बाबा, टाइम देखो!" रश्मी ओरडली.

सवलतीची तीन मिनिटं उरलेली! मी एका हातात मिठाईचा डबा धरला, दुसऱ्या हातानं सौ.ला ओढलं आणि समोर हलू लागलेल्या बसवर झेप घेतली.

"काहून पळवून राहिले? पाटी तं वाचा!" सौ. ओरडली.

"पाटी मागून वाचू! आधी चढा!"

कंडक्टरनं मशीन लावलं. "हव, चाचा, चल गया आपका टिकट." निम्मं भाडं! एक मिनिट राखून! मी अख्ख्या बसला ही बातमी सांगितली. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मुलाच्या वडिलांचा फोन आला. "बस, पोहोचतोच आहोत," मी छाती फुगवून म्हणालो.

"बाबा," रश्मी रडवेल्या आवाजात म्हणाली, "ये तो तेलीबांधा तालाब आ गया."

बस आम्हाला घेऊन परत जुन्या रायपुरात आली होती! माझ्या चार पैशांपायी पोरीचं स्थळ जाणार!

सौ.नं टॅक्सी बोलावली. आम्ही साडेपाचला पोहोचलो. मी हात जोडून सगळं खरं सांगितलं. मुलाचे वडील गंभीरच. मुलगा मात्र हसता हसता खुर्चीवरून घसरला, मग रश्मी हसली, शेवटी वडीलही.

लग्न जमलं. हुंडा नको, मानपान नको. मुलाकडच्यांची एकच अट होती: वऱ्हाडाची तिकिटं मुलीच्या वडिलांनी काढायची नाहीत!