भेकरू उजवं की डावं

चारचाकीत बसलं की आमच्या आतेला गाडी लागते. आमोण्याहून डिचोलीपर्यंत न्यायचं म्हटलं तरी काच खाली करा, लिंबू द्या, थांबवा, पाणी द्या, असा सगळा सोहळा. मोटरसायकल मात्र तिला मानवते. वारा लागला की स्वारी खूश! फक्त ती बसणार एका अंगाने. दोन्ही पाय डावीकडे सोडून, तोंड शेतांकडे करून, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताने पिशवी पोटाशी धरून. माझ्या मागे बसून ती इतकी वर्षं हिंडली, पण तिला माहीत आहे ते सगळं रस्त्याच्या डाव्या बाजूचं. उजव्या बाजूला काय आहे ते ती परत येताना बघते.

हे एवढं सांगायचं कारण, माझं लग्न तिच्या ह्या बसण्यावर येऊन अडलं होतं.

कोरगावचं स्थळ आलं होतं. स्थळ म्हणायचं आपलं! तो आणि मी म्हापशाच्या एका कचेरीत तीन वर्षं शेजारच्या टेबलांवर बसत होतो, आणि माझ्या डब्यातली भाजी माझ्यापेक्षा त्यानेच जास्त खाल्ली असेल. पण घरी ते एका मध्यस्थाकडून रीतसर आणवलं होतं. आई-बाबांना पसंत पडलं. राहिलं होतं ते घर बघणं. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी घरातलं मोठं माणूस मुलाचं घर बघून येतं, आणि ते मोठं माणूस म्हणजे आते. बाबांची थोरली बहीण, दोडामार्गात दिलेली. तिने नाही म्हटलं की बाबा शाळेतल्या मुलासारखे खाली मान घालून "बरं" म्हणतात.

मुलीने स्वतः घर बघायला जायचं नसतं. पण बाबांचा पाय मुरगळलेला, आतेला चारचाकी चालत नाही, आणि घरात मोटरसायकल चालवणारी उरले मी एकटी. शेवटी ठरलं की मी आतेला दारापर्यंत सोडायचं आणि आपण कुंपणाबाहेर उभं राहायचं. मी म्हटलं, उभी राहते, झाडावर चढून बस म्हणालात तरी बसते!

भीती एकच होती, आतेच्या शकुनांची. तिच्या स्वतःच्या मुलीच्या वेळी ती अशीच घर बघायला निघाली होती. वाटेत एक बाई रिकामी घागर घेऊन आडवी गेली, आणि आते अर्ध्या वाटेतून माघारी आली. ते स्थळ तिथेच मोडलं. माझी ती आतेबहीण पुढे दुसरीकडे नांदायला गेली, मुलंबाळं झाली, सगळं ठीक आहे. पण त्या पहिल्या मुलाचं गाव बोलण्यात आलं की ती अजून उठून पाणी आणायला जाते.

म्हणून मी निघताना आईला बजावलं होतं की दारातून घागर घेऊन कोणीही जायचं नाही, शिंकायचं नाही, आणि मांजराला कोंडून ठेवायचं. मांजर एवढं ओरडलं की शेजारी बघायला आले.

सकाळची वेळ होती. आतेच्या अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, त्यावर मी बळेबळे हेल्मेट कोंबलेलं. पिशवीत केळी, नारळ आणि रव्याचे लाडू. अस्नोडा मागे पडलं आणि माझं मन असं काही उडायला लागलं की विचारू नका! मी गात होते. हेल्मेटाच्या आत, बेसूर, मोठ्याने. धारगळच्या पुढे कोरगावचा रस्ता लागला. दोन्ही अंगांना काजूच्या बागा, खाली पडलेल्या काजूफळांचा, बोंडूंचा, तो गोड आंबूस वास. मी म्हटलं, बस्स, आता पोचलोच.

आणि भेकरू आलं.

एवढंसं, तांबूस, काटकुळ्या पायांचं हरीण. बोंडू खायला उतरलं असणार. उजवीकडच्या बागेतून सुटलं ते थेट माझ्या पुढच्या चाकासमोर! मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी घसरत तिरकी झाली, आते माझ्या पाठीवर आदळली, एक लाडू माझ्या कानाजवळून पुढे गेला. भेकराने मधोमध थांबून आमच्याकडे बघितलं, आम्हीच त्याच्या वाटेत आल्यासारखं. मग एक उडी, आणि डावीकडच्या झाडीत गडप.

"आई शप्पथ!" मी ओरडले. "किती सुंदर! बघितलंस गं आते?"

आते खाली उतरली. हेल्मेट काढलं. वळेसराचा चोथा झाला होता. तिने एकच विचारलं, "भेकरा खयसून इला नि खंय गेला?"

आणि मी, मी शहाणी, आनंदाच्या भरात सांगून मोकळी झाले. "उजवीकडून आलं, डावीकडे गेलं!"

म्हटलं आणि जीभ चावली. हरीण उजवीकडे गेलं तर शुभ, डावीकडे गेलं तर काम मोडणार, हे आतेने मला पाळण्यातच शिकवलं असेल.

"फिरय गाडी," आते म्हणाली. "आज नको."

आज नको म्हणजे कधीच नको, हे मला ठाऊक होतं. तीन वर्षं, सगळे डबे, सगळ्या चोरट्या भेटी, सगळं एका बकरीएवढ्या जनावराने पायाखाली घेतलं होतं. मग मला असा राग आला, असा राग आला, की मी किल्ली काढून खिशात टाकली.

"नाही फिरवणार," मी म्हटलं. "शकुन कोणाचा असतो? कामाला निघालेल्या माणसाचा ना? घर बघायला कोण निघालंय? तू! मी कोण? मी नुसती ड्रायव्हर. मला तर कुंपणाच्या आत यायची पण परवानगी नाही!"

"मगे?"

"मग तुझं डावं-उजवं बघायला पाहिजे, माझं कशाला? बस बघू गाडीवर."

तिने ऐकलं. का ऐकलं देव जाणे. मी गाडी स्टँडवर लावली, तिला तिच्या नेहमीच्या पद्धतीने बसवलं, पाय डावीकडे, तोंड झाडीकडे. मग पिशवीतून एक केळं काढलं आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

"हे भेकरू," मी म्हटलं, आणि केळं उंच धरून गाडीच्या पुढून पळत गेले. "आता सांग, तुझ्या कुठल्या हाताने गेलं?"

आतेने आपले दोन्ही हात बघितले. "उजव्या."

"मग!"

"पुन्ना कर."

मी पुन्हा पळाले. तीनदा पळाले. तिसऱ्या वेळी एक दुचाकीवाला आला. भर रस्त्यात केळं उंचावून पळणारी मी आणि थांबलेल्या गाडीवर न्यायाधीशासारखी बसलेली आते बघून तो इतका हळू झाला की पडायचाच राहिला. मला हसू आवरेना. मी रस्त्यातच बसले. तेवढ्यात बघते तर आतेचे खांदे हलताहेत. वाटलं हसतेय. होतीच हसत, पण डोळे भरलेले.

"माझ्या चेडवान त्या दिवशी तोंड उघडूक नाय गो," ती म्हणाली. "एक शब्द बोलूक नाय. तुझ्यासारख्या भांडला असता, तर..."

आतेबहिणीबद्दल बोलत होती ती. मी उठून तिच्याजवळ गेले. ते केळं सोलून तिला दिलं. तिने अर्धं खाल्लं, अर्धं मला दिलं आणि पदराने तोंड पुसलं.

"चल," ती म्हणाली. "माझ्या उजव्यान गेलासा."

कोरगावात मी ठरल्याप्रमाणे कुंपणाबाहेर थांबले. तो परसातून येऊन पलीकडे उभा राहिला. "उशीर का झाला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी भेकरू झाले होते." त्याला काही कळलं नाही. आत आते विहिरीत वाकून बघत होती, स्वयंपाकघरातली झाकणं उघडून वास घेत होती, माझ्या होणाऱ्या सासूला मिरचीचा भाव विचारत होती. माझा जीव टांगणीला. अर्ध्या तासाने ती ओट्यावर आली आणि सगळ्यांदेखत हाक मारली.

"गो, भायर कित्याक उभी? तुझाच घर बघूक इलंव आमी. आत ये!"

मी फाटक उघडायचं विसरले. कुंपणावरूनच उडी मारली. साडी नव्हती म्हणून निभावलं.

परत निघताना आते गाडीजवळ आली, जरा थबकली, आणि मग नऊवारीचा ओचा नीट खोचून तिने टांग टाकली. एक पाय डावीकडे, एक उजवीकडे, तोंड माझ्यासारखंच पुढे. जन्मात पहिल्यांदा! तिने दोन्ही हातांनी मला कमरेला घट्ट धरलं.

"हा काय प्रकार?" मी म्हटलं.

"आता तुझा उजवा ता माझा उजवा," ती म्हणाली. "केळी संपली."

त्याच काजूच्या बागेपाशी आलो तेव्हा मी आपोआप गाडी हळू केली. धाकधूक होतीच. हाताशी आलेलं घालवायचं नव्हतं.

"कित्याक थांबतंस?" आतेने पाठीत बुक्का घातला. "मी डोळे मिटलेले आसत. तू पण मीट."

"आते, मी गाडी चालवतेय!"

"मग रस्तो बघ," ती म्हणाली. "भेकरा बघू नको."