निन्या चोनने चिकटवलेली पाकिटं

सान हिलारिओमध्ये कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळून घ्यायचं असेल तर दोनच जागा. एक तोया पुपुसावालीचा तवा आणि दुसरी त्या तव्यासमोरची निन्या चोनची झेरॉक्सची खिडकी. फरक एवढाच, की तोयाच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि निन्या चोनच्या पोटात अख्खं गाव मावलं तरी ढेकर म्हणून यायची नाही.

पूर्ण नाव एन्कार्नासिओन, वय अठ्ठावन्न. पण आमच्याकडे बाईचे सगळे केस पांढरे झाले तरी तिला मानाने ‘निन्या’च म्हणतात, म्हणजे पोरी. तर ही आमची पोर सकाळी आठला खिडकीची झडप वर करायची, मशीनच्या डाव्या कुशीत एक गुद्दा घालायची, आणि मशीन खोकत खोकत कामाला लागायचं. जन्माचे दाखले, जमिनीचे कागद, घटस्फोटाचे हुकूम, सीमा ओलांडून उत्तरेकडे कामाला निघालेल्या पोरांची ओळखपत्रं, सगळं तिच्या त्या काचेवर पालथं पडलेलं. कुणाचं लग्न मोडतंय हे नवऱ्याच्या आधी तिला कळायचं. तोया पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, उलटता उलटता ओरडायची, “निन्या चोन, तो दंतवैद्य आज काय घेऊन आला होता गं?”

“कागद.”

“कसले?”

“पांढरे.”

एवढंच. तोया पिठाचा गोळा असा थापायची की जणू निन्या चोनचा गाल.

पण तिच्या खिडकीचा खरा हंगाम मे महिन्यात. ग्रामदैवताच्या जत्रेला नगरपालिका लेखनाची स्पर्धा ठेवते आणि पहिलं बक्षीस म्हणजे पुस्तक: राजधानीत छापलेलं, पाचशे प्रती, पाठीवर तुमचं नाव. आमच्या गावात लेखक व्हायची ही एकच वाट. बाकीच्या वाटा लोकांनी चालून पाहिल्या होत्या, आणि कोण कुठे ठेचकाळला हे निन्या चोनला पाठ होतं. लोकांच्या घरातलं ती सांगायची नाही, पण ही ठेच आख्ख्या गावाने पाहिलेली असायची, म्हणून ती सांगायची.

“थेट राजधानीतल्या प्रकाशकालाच पाठवलं तर?” कुणी नवखा विचारायचा.

“पाठवा की. औषधवाल्याने पाठवलं होतं. सहा वर्षांनी उत्तर आलं, आमचा पत्ता बदलला आहे.”

“आणि पदरच्या पैशाने छापलं तर?”

“वकीलसाहेबांनी छापलं. आता त्यांचा पलंग पायांवर उभा नाही, पुस्तकांवर उभा आहे.”

मग ती नियम सांगायची, बोटांवर मोजत. तीन प्रती. एकाच बाजूला. ओळींत भरपूर अंतर. वर खरं नाव घालायचं नाही, टोपणनाव घालायचं. खरं नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर एका चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी छोट्या पाकिटात आणि पाकिटावर पुन्हा फक्त टोपणनाव. “आणि गोंदाने चिकटवायचं. थुंकी लावून नाही. थुंकी दमट हवेत उघडते आणि अब्रू जाते.”

अब्रूचाच तर प्रश्न होता. निकालाच्या संध्याकाळी जिंकणाऱ्याचं एकच पाकीट व्यासपीठावर उघडतात. बाकीची सगळी पाकिटं नोटरीबाईंच्या देखत अंगणात तेलाच्या डब्यात जाळतात, न उघडता. कोण हरलं हे कुणालाच कळत नाही. म्हणून तर न्हाव्यापासून नायब तहसीलदारापर्यंत सगळे बेधडक लिहितात. हरल्याची राख होते, लाज नाही.

हरणारे ठाऊक होते फक्त निन्या चोनला. तिनेच तर त्यांच्या प्रती काढल्या होत्या. आणि त्यांत अव्वल नंबर होता मेन्हीवार मास्तरांचा.

बाल्ताझार मेन्हीवार. चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली. गावातल्या निम्म्या लोकांच्या वहीवर त्यांची लाल शाई सांडलेली, आणि त्यातल्या निम्म्यांचे कानही त्यांच्या हातून पिळून निघालेले. त्यांनी निळीच्या मळ्यांवर चारशे पानांचं महाकाव्य लिहिलं होतं. वीस वर्षं ते दर मे महिन्यात एखादा सर्ग बदलून, टोपी डोळ्यांवर ओढून खिडकीशी यायचे. टोपणनाव ‘फाटकी छत्री’. वीस वर्षं छत्री जळत होती आणि वीस वर्षं मास्तर निकालाला पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवत होते.

आता निन्या चोनचं एक गुपित सांगतो, जे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला! ज्यांना तिच्या घरी किती अंडी उकडतात हेही ठाऊक होतं!

ती वाचत होती. मशीनचा उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो ना, तेवढ्या वेळात एक पान. उभ्या उभ्या. पंचवीस वर्षं. महाकाव्यं, रडकथा, औषधवाल्याची सहा नाटकं, आणि मध्ये मध्ये मृत्यूचे दाखले. आणि बिघडलेल्या प्रती ती फेकत नव्हती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर, दुपारी गिऱ्हाईक नसताना, ती लिहीत होती. कुणाच्या घटस्फोटाच्या पाठीवर, कुणाच्या सातव्या सर्गाच्या पाठीवर. त्या वर्षी ढीग गुडघ्याला लागला तेव्हा तिने तो टाइप केला, नाव दिलं ‘उभ्याने वाचलेलं’, टोपणनाव घेतलं ‘कोरी बाजू’, आणि ठरवलं की एकदाच पाठवायचं. हरलं तर जळू दे.

शेवटची तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत. आणि त्याच दिवशी वीज गेली ती साडेतीनला आली. खिडकीसमोर रांग तोयाच्या तव्यापर्यंत. जो तो घामाघूम, छातीशी बाड धरून.

“निन्या चोन, माझं आधी! माझी शोकांतिका आहे!”

“उशीर झाला तर सगळ्यांचीच होईल. मागे व्हा.”

मशीनला तिने त्या दिवशी इतके गुद्दे घातले की तोया म्हणाली, “अगं, नवऱ्यालाही इतकं मारलं नव्हतंस!” प्रती काढ, दोरा घाल, चिठ्ठी पाकिटात सार, गोंद लाव, टोपणनाव टाइप करून डकव, पुढचा. बावीस पाकिटं झाली. मास्तरांची चिठ्ठी तिने एप्रनच्या खिशात ठेवली, कारण त्यांचं अक्षर रांगेतल्या प्रत्येकाने लाल शाईत पाहिलेलं. त्याच खिशात तिचीही चिठ्ठी होती. पाचाला सात मिनिटं असताना, घड्याळाकडे पाहत, तिने शेवटची दोन पाकिटं चिकटवली.

निकालाच्या संध्याकाळी खिडकीशेजारचं कलाभवन खचाखच भरलेलं. निन्या चोन दाराशी उभी, जांभळ्या झग्यात. शेजारी तोया, हातात पुपुशांची टोपली, कारण साहित्य ऐकून लोकांना भूक लागते हा तिचा अनुभव.

राजधानीहून आलेल्या परीक्षकबाई उठल्या. काटकुळ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाल्या, “पाकीट उघडण्याआधी मी एक पान वाचणार आहे. कारण मला ते कालपासून कुणाला तरी वाचून दाखवायचंय.” आणि त्यांनी वाचलं:

“एक बाई आपल्या मुलाचा जन्माचा दाखला घेऊन आली. दहा प्रती काढ म्हणाली, तो उद्या निघतोय. मी काढल्या. त्यानंतर दर वर्षी ती त्याच तारखेला येते आणि एकच प्रत काढते. का, ते मी विचारत नाही. मागच्या वर्षी म्हणाली, जरा गडद काढ, नाव पुसट होत चाललंय. मी शाईचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. कागद काळा झाला. ती म्हणाली, हां, आता बरोबर दिसतो.”

प्रत्येकाला वाटलं, ही आपली आई, आपली बहीण, समोरच्या गल्लीतली अमकी. तोयाने टोपली खाली ठेवली. तोयाचा मुलगा रूबेन उत्तरेकडे जाऊन अकरा वर्षं झाली होती. ती काही बोलली नाही, आणि तोया बोलत नाही म्हणजे काय ते गावाला विचारा.

निन्या चोनने भिंतीला हात लावला. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं अनोळखी का वाटतं, हे तिला पंचवीस वर्षांच्या वाचनात कुणी सांगितलं नव्हतं.

“टोपणनाव, कोरी बाजू,” नोटरीबाई ओब्दुलिया म्हणाल्या. कात्रीने पाकीट कापलं, चिठ्ठी उलगडली. “बाल्ताझार मेन्हीवार!”

छप्पर उडालं. चाळीस वर्षांचे विद्यार्थी उठून उभे राहिले, ज्यांचे कान पिळले गेले होते ते सगळ्यांत जोरात ओरडत होते. निन्या चोनला एप्रनचा खिसा आठवला. दोन चिठ्ठ्या, दोन पाकिटं. बस, कळलं.

“काय गं? भूत पाहिलंस?” तोयाने डोळे पुसत विचारलं.

एक हाक मारली असती तर? पण कोण मानणार, झेरॉक्सवालीने लिहिलं म्हणून? आणि मानलं, तर पाकिटं बदलणाऱ्या बाईकडे पुढच्या मे महिन्यात कोण येणार? आणि मास्तर पायऱ्या चढत होते. वीस वर्षं त्यांचा चेहरा टोपीखाली पाहिलेला, आज टोपी हातात होती. तिचं पुस्तक तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचं होत होतं, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

मास्तरांनी बाड हातात घेतलं. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. टाळ्या आपोआप विरल्या.

“हे मी लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

नगराध्यक्ष हसले. “मास्तर, विनय पुरे! पाकिटात नाव तुमचंच आहे!”

“नाव माझंच आहे. वाक्यं माझी नाहीत. चाळीस वर्षं तुमच्या वह्या तपासल्या. दुसऱ्याचं उतरवून आणणाऱ्याला मी बाकावर उभं केलंय. तू होतास त्यात, आठवतं?”

नगराध्यक्ष बसले.

नोटरीबाईंनी नियमावली चाळली. “मग लेखक सापडला नाही असं धरून यंदा बक्षीस कुणालाच नाही. उरलेली पाकिटं जाळायची.” अंगणात डबा तयार होता. शिपाई पाकिटांचं पुडकं उचलूही लागला.

“थांब,” मास्तर म्हणाले. तो वर्गातला आवाज. शिपाई तर त्यांचाच विद्यार्थी, जागच्या जागी ताठ झाला. “त्यात एक पाकीट माझं आहे. फाटकी छत्री.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“वीस वर्षं मी ही स्पर्धा हरतोय. तुम्हाला कळू नये म्हणून तुम्ही ते पाकीट जाळता, उपकार आहेत. आज जाळू नका. माझी चिठ्ठी इकडे आली असेल, तर इकडची तिकडे गेली असणार. उघडा.”

“लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय उघडता येत नाही,” नोटरीबाई म्हणाल्या. आवाज मात्र मऊ पडला होता.

मास्तरांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर परवानगी लिहिली. सही केली. खिशातला पेन लालच होता.

मी खूप लोकांना मोठं होताना पाहिलंय, कुणी पैशाने, कुणी खुर्चीने. पण सगळ्या गावासमोर वीस वेळा हरल्याची सही करून एवढा उंच झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कात्री चालली. नोटरीबाईंनी वाचलं, थांबल्या, चष्मा काढून पुन्हा वाचलं. “एन्कार्नासिओन आयाला. पत्ता, कलाभवनाशेजारची झेरॉक्सची खिडकी.”

साडेतीनशे माना दाराकडे वळल्या. टाळी एकही नाही. जिच्यासमोर आपण सगळ्यांनी आपापले कागद पालथे घातले, तिने ते सगळं इतकी वर्षं आत ठेवून, नावं गाळून, हे असं परत दिलं होतं. जत्रेतली मूर्ती अचानक पापणी हलवते तेव्हा लोक टाळ्या वाजवत नाहीत.

“ही?” तोयाच पहिली बोलली. “ही तर ‘कागद पांढरे’ याच्यापुढे कधी गेली नाही!” आणि तिने निन्या चोनला असं मिठीत घेतलं की जांभळ्या झग्यावर तेलकट बोटांचे दहा ठसे उमटले.

“पाकिटं माझ्याच हातून बदलली, मास्तर,” निन्या चोन म्हणाली. “माफ करा.”

“ये, वर ये,” मास्तर म्हणाले. “आणि एक वाक्य मला समजावून सांग. त्या काळ्या कागदाचं. मी असतो तर पुढे तीन सर्ग लिहिले असते.”

मग जे उठलं त्याला टाळ्या म्हणतात का मला ठाऊक नाही.

पुस्तक वर्षअखेरीस आलं. पाठीवर तिचं नाव होतं, बारीक, पण होतं. आणि पुढच्या मे महिन्यात रांग कमी झाली नाही, तोयाच्या तव्याला वळसा घालून गेली.

मास्तर आले, टोपीशिवाय. हातात पातळसं बाड.

“महाकाव्याचं काय झालं?” तिने विचारलं.

“कापलं. सत्तर पानं उरली.” त्यांनी चिठ्ठी काढली. तिने हात पुढे केला तसा त्यांनी तो चुकवला. “गोंद इकडे दे. पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे.”

रांग खो खो हसली. तीही हसली, पहिलं पान काचेवर ठेवायला उचललं, आणि सवयीने नजर टाकली. पान खाली गेलंच नाही. ती तसंच धरून उभी राहिली, मग दुसरं उचललं.

“निन्या चोन, बटण दाबा की!” मागून औषधवाला ओरडला. “मशीन बिघडलं का?”

“थांबा जरा,” ती मान वर न करता म्हणाली. “वाचतेय.”

मास्तर गोंदाची बाटली हातात धरून, श्वास रोखून उभे होते.