इंजिन बंद, दम चालू

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक भूत, हडळ, चकवा, मूठ आणि करणी यांपैकी कशावरही विश्वास ठेवत नाही. आजवर ठेवलेला नाही. तीस वर्षं ट्रकखाली उताणं झोपणाऱ्या माणसाला भुताची भीती बाळगायला सवडच नसते, त्याला जॅक सरकायची भीती पुरते. हे आधी नोंदवून घ्या. पुढचं वाचून “मिस्त्री संध्याकाळी घेत असावा” असं म्हणायला तुम्ही मोकळे आहात... पण घटना सकाळी अकराची आहे, आणि मी चहाशिवाय काही घेत नाही.

माझं गॅरेज मूर्तिजापूरच्या बाहेर, अमरावतीहून अकोल्याकडे जाताना डाव्या हाताला. मागे बाभूळ, समोर उसाच्या रसाचं दुकान. मार्च महिना. ज्या वर्षी शेंदूरजनाघाटच्या पट्ट्यात अर्धी संत्री झाडाखालीच सडली आणि लोकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली, त्याच वर्षीची गोष्ट.

सुनंदाताई तिकडची संत्री घेऊन अकोल्याला जायच्या. सहाचाकी ट्रक, आणि स्टीअरिंगवर स्वतः ताई! टोलनाक्यावरचा माणूस पावती द्यायची विसरायचा. आधी ट्रक नवरा, प्रल्हादभाऊ, चालवायचे; त्यांना दम्याचा त्रास. त्यांना गाडीत एकटं सोडवेना म्हणून ही बाई औषधाचा पंप घेऊन शेजारी बसायची, आणि बसल्या-बसल्या गाडी शिकली. आदल्या वर्षी प्रल्हादभाऊ गेले. ताईंनी ट्रक विकला नाही.

त्या ट्रकची एकच तक्रार — चढ आला की गाडी मरायची. तुम्हाला सोपं करून सांगतो. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरमध्ये एक जाळी असते. जाळीच्या अलीकडे-पलीकडे धुराचा दाब किती, ते सांगायला काड्यापेटीएवढा सेन्सर. त्याला दोन रबरी नळ्या. नळीत काजळी बसली की सेन्सरला वाटतं जाळीच तुंबली, आणि गाडी घाबरून आपली ताकद आवरून घेते. मी दोनदा नळ्या काढून, बारीक तार घालून, हवा मारून साफ केल्या होत्या. दोन्ही वेळा आठ दिवसांत गाडी परत.

तिसऱ्यांदा ताई आदल्या संध्याकाळीच आल्या. मागे पूर्ण माल भरलेला. “मिस्त्रीभाऊ, या खेपेले पोचली नाई तं मार्केटातला आडत्या म्हणन, बाईची गाडी नोको. बोलतेच तो. आता त्याले कारण नोको देऊ.” रात्री त्या माझ्या घरी, माझ्या बायकोजवळ थांबल्या. मी अकोटहून रशीदभाईंना बोलावलं. हा माणूस म्हणजे आमच्या भागातला लॅपटॉपवाला ऑटो-इलेक्ट्रिशियन. देव-धर्म घरी, गॅरेजमध्ये फक्त व्होल्टेज.

सकाळी रशीदभाईंनी लॅपटॉप जोडला, मी चावी फिरवली. इंजिन बंद, फक्त करंट चालू. अशा वेळी दाबाची रेघ शून्यावर, पाटीवर ओढल्यासारखी सरळ दिसायला हवी. ती हलत होती. चटकन वर... मग ओढत-ओढत खाली. थोडं थांबायची. परत चटकन वर.

“अर्थ लूज है,” रशीदभाई म्हणाले. मी अर्थिंगची वायर घट्ट केली. रेघ हलतच होती.

“तो फिर वायरिंग में चूहा होगा.”

“रशीदभाई, कोणता उंदीर इतका तालात कुरतडतो?”

“तुम्हारे गॅरेज का होगा, मिस्त्री. भजनी मंडळवाला.”

मी हसलो आणि दोन्ही नळ्या उपटल्या. आता सेन्सरला ना धूर, ना वारा. रेघ हलतच होती. मी सेन्सरच्या तोंडावर बोट ठेवलं. गाडी रात्रभर थंड उभी होती, हे ध्यानात घ्या. बोट आत ओढल्यासारखं झालं... मग त्याच बोटावर ऊब आली. ओली ऊब. मी बोट काढून पँटीला पुसलं.

ताई रसाचे तीन ग्लास घेऊन आल्या. लॅपटॉपच्या पडद्याकडे सहज पाहिलं आणि ग्लास टायरजवळ ठेवून दिले.

“हे काय हाय?”

“काही नाही ताई, सेन्सर खराब.”

त्यांनी रेघेबरोबर बोट वर-खाली नेलं. मग म्हणाल्या, “मिस्त्रीभाऊ, आमी बौद्ध. आत्मा-बित्मा आमच्यात मानत नाई. मीबी मानत नाई. पण हा त्यायचाच दम हाय. आत चटकन घेत, अन् बाहेर सोडाले जीव जाये त्यायचा.”

“भाभी, मशीन है ये,” रशीदभाई मऊ आवाजात म्हणाले.

ताई पुढे झाल्या. गाडीच्या कडेला उकिडव्या बसल्या, सायलेन्सरवर तळहात ठेवला आणि आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाल्या, “हळू. घाई नोका करू. मी हाय ना... सोडा. सोडा आता.”

रेघ मऊ झाली. सांगतो ते शब्दशः घ्या. टोकदार शेंडे गोल झाले, मधलं थांबणं गेलं.

रशीदभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “भाभी, जरा खामोश रहना.” ताई गप्प राहिल्या. दोन मिनिटांत शेंडे पुन्हा टोकदार. “अब बोलो.” ताई बोलल्या. रेघ पुन्हा मऊ. रशीदभाईंनी हा प्रयोग चार वेळा केला. पाचव्यांदा त्यांना धीर झाला नाही.

आता पंचाईत माझी. नवा सेन्सर खोक्यात तयार होता. मी म्हटलं, “ताई, बदलला की हे बंद होणार. नाही बदलला तर गाडी चढ चढणार नाही. तुम्ही म्हणाल तर माल दुसऱ्या गाडीत टाकू, ही उभी राहू दे इथेच. जितके दिवस म्हणाल तितके.”

हे मी, भुताखेतावर विश्वास न ठेवणारा इसम, बोललो.

ताई सायलेन्सरवरचा हात न काढता म्हणाल्या, “मार्केटच्या बाहेर लाइन होती, ते गेले त्या दिशी. सगळ्या गाड्या चालू, नुसता धूर. पंप सरला म्हणून मी मेडिकलात गेल्ती. आली तं त्यायची मान कलंडून गेल्ती. घाबरले का, मले आवाज देल्ला का... काईच मालूम नाई मले.”

रसाच्या ग्लासांवर माशा बसायला लागल्या होत्या.

“काढा,” त्या म्हणाल्या. “जिंदगी धुरात गेली त्यायची. आता धुराच्या नळीत काहून ठेवू? माझी गाडी चालावी म्हणून नाई काढत, समजून घ्या. पण हात माझा असू द्या.”

मी दोन बोल्ट सोडवले. सेन्सर ताईंच्या ओंजळीत आला, वायरचा प्लग अजून लावलेलाच. त्या त्याच्यावर वाकल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. पडद्यावर रेघ वर गेली, आणि उतरायला लागली. इतकी हळू उतरण मी सकाळपासून पाहिली नव्हती. उतरली, शून्याला टेकली, आणि टेकलेलीच राहिली. प्लग तेव्हा निघालेला नव्हता. करंट चालू होता. मी स्वतः पाहिलंय.

मग ताईंनी प्लग काढला. जुना सेन्सर माझ्या हातात दिला. “भंगारात टाका. आता काई नाई त्यात.” नवा बसवला, एक वाजता गाडी निघाली आणि बोरगावचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढून गेली. ती तक्रार परत आली नाही.

रशीदभाईंनी नंतर फोनवर कारणं दिली. सेन्सरमध्ये ओलावा शिरला असेल, आतला पडदा तडकला असेल, व्होल्टेज डोलत असेल. सगळी मान्य! मीही गिऱ्हाइकाला हीच सांगितली असती. पण ओलाव्याला “सोडा” म्हटलेलं कसं कळतं? याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खुशाल लिहा, फक्त मला शिकवायच्या आधी एकदा तसल्या सेन्सरवर बोट ठेवून बघा.

आणि एक गोष्ट मी वरती गाळली. रेघ शून्याला टेकली, ताईंनी मान वर केली नव्हती, त्या क्षणी सकाळपासून अर्थ आणि उंदरावर सगळं ढकलणारे रशीदभाई स्टुलावरून उठून उभे राहिले. टोपी नीट केली. आणि कुणाच्या घरून मरणाची खबर आली की त्यांच्या तोंडून आपसूक जे निघतं, तेच त्या बंद ट्रकसमोर भर उन्हात मोठ्यानं बोलून गेले —

“इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.”