रिकाम्या हाताची थरथर

पाट्या रंगवणाऱ्यांच्या धंद्यात हाताची परीक्षा एकाच जागी होते: जिथे ब्रश टेकतो तिथे. रेघ सरळ उतरली की हात शाबूत. एरवी तो काय करतो याची विचारपूस कोणी करत नाही. या पेंटरने आयुष्यभर इतरांना ह्याच मापाने मोजले होते. स्वतःवर वेळ आली तेव्हा दुसरे माप त्याच्याजवळ नव्हते.

थरथर प्रथम बायकोच्या नजरेस पडली. पेंटर खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर विसावला होता आणि अंगठा तर्जनीवर असा फिरत होता, जणू कागदाची गोळी वळत आहे.

"अहो, कोणाला खुणा करताय?"

त्याने हाताकडे पाहिले, टेबलावरचा कप उचलला. थरथर थांबली.

"बघ. काम दिलं की गप्प. रिकामं बसवत नाही त्याला."

"मालकावर गेलाय झालं!" ती हसली.

तो विनोद घरात बरेच दिवस पुरला, आणि घात त्यातच होता. ब्रश धरल्यावर हात कापला असता, तर पेंटर त्याच दिवशी दवाखान्याची पायरी चढला असता. पण कामात स्थिर राहणारा आणि विसाव्यात थरथरणारा हात आजारी असू शकतो, हे त्याच्या कारागिरीच्या तर्कात बसेना. म्हणून त्याने हाताला विसावाच देणे बंद केले. जेवण झाले की तो ब्रश पुसत बसे, आधीच पुसलेले.

पुढे चौकातल्या औषधवाल्याने दुकानाची पाटी रंगवायला दिली. पेंटरने नेहमीसारख्या वर-खाली खडूच्या दोन रेघा आखल्या. पहिली अक्षरे दोन्ही रेघांना भिडली. शेवटची खालच्या रेघेपर्यंत पोहोचलीच नाहीत.

"काय पेंटर, रंग वाचवताय? शेवटची अक्षरं उपाशी दिसतात."

"उजेड कमी आहे," पेंटर म्हणाला आणि स्टुलावर टेकला. हात मांडीवर आला, आणि औषधवाल्याने पाहायचे ते पाहिले.

"हे काय? घेता वाटतं?"

"थेंबसुद्धा नाही. शपथेवर सांगतो."

"मग डॉक्टरांना दाखवा. कधी चहानं होतं, कधी चालू असलेल्या एखाद्या गोळीनंही हात कापतो. पण हा एकच हात कापतोय."

"दाखवलं की बोभाटा होईल. कापणाऱ्या हाताला पाटी कोण देतो? तुम्ही दिली असती?"

औषधवाल्याने ताकदीच्या गोळ्यांची बाटली पुढे सरकवली, आणि दोघेही विषय संपला असे धरून चालले.

विषय संपला नव्हता. शर्टाची बटणे लावायला पेंटरला उशीर होऊ लागला. चालताना उजवा पाय किंचित मागे राही. लोक काय समजायचे ते समजले. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी हसतमुखाने काम दुसऱ्याकडे नेले. आजाराच्या बोभाट्याला भिऊन तो गप्प राहिला होता. त्या गप्पपणाने त्याच्या पदरी दारूचा बोभाटा टाकला.

एकदा बायको बाहेरून आली ती खोकतच. टर्पेंटाइनचा डबा उघडा, खोली वासाने भरलेली, आणि पेंटर शेजारी शांत बसलेला.

"वास येत नाही तुम्हाला?"

"कसला?"

तिने डब्याचे झाकण लावले. दुसऱ्या दिवशी तिने त्याला दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि उलटे आकडे मोजायला लावले. मन आकड्यांत गुंतताच हात थरथरू लागला. मग खोलीभर चालवले. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटून होता. शेवटी कागदावर एक वाक्य लिहायला दिले. अक्षरे शब्दागणिक लहान होत गेली. पेंटरने तो कागद हातात घेऊन पाहिला.

"माझ्या हाताखालच्या माणसानं असं लिहिलं असतं, तर मी त्याला हाकलला असता."

"हा कंपवात आहे. प्रत्येक कापणारा हात कंपवाताचा नसतो," डॉक्टर म्हणाले. "हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर लोक लगेच धावत येतात, आणि यायलाच हवं. तुमचं हळूहळू आलं. एकाच बाजूला, विसाव्यात, सोबत हा मंदपणा, आणि वासही गेलेला. तेव्हाच यायला हवं होतं."

"तेव्हा आलो असतो, तर टळलं असतं?"

"नाही. पण औषधानं मधला काळ सोपा झाला असता. आणि लोकांना खरं काय ते सांगता आलं असतं."

"आता रेघ परत येईल?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिले. "हालचाल मोकळी होईल. रेघेचं मी खोटं सांगणार नाही."

गोळ्यांनी बटणे लागू लागली. रेघ आली नाही. औषधवाल्याची पाटी उतरवून पुन्हा रंगवून देतो, असे पेंटर म्हणाला, तेव्हा औषधवाला घाईने म्हणाला, "राहू द्या हो, कोण बघतंय एवढं!" दयेने बोललेल्या त्या वाक्यात पेंटरच्या साऱ्या आयुष्याचा निकाल होता.

आता तो खिडकीशी बसतो. थरथर वाढली की बायको कोरडा ब्रश आणून त्याच्या बोटांत देते. बोटांना काम लागते, हात शांत होतो. ती पुन्हा आत जाते. मग थोड्या वेळाने ब्रशही थरथरू लागतो.