न काढलेला तुकडा

अण्णा गेल्याला दीड महिना झाला, तरी सकाळी फोन वाजला की मी आधी कुणाचं नाव आहे ते बघते. त्या दिवशी वहिनीचा फोन असाच आला होता. "वन्सं, या…" एवढंच बोलली.

अण्णा माझा थोरला भाऊ, सोलापूरच्या मार्केट यार्डात ज्वारीचा व्यापारी. बडबड्या आणि भारी चिकित्सक. पोत्यात लोखंडी नळी खुपसून दाणे काढायचा, तेही तीन ठिकाणांहून. कुणी वैतागलं की म्हणायचा, "वर एक, तळाला एक असतंय की!" मी चिडवायची, "वहिनीलाही तीनदा बघून आला होतास का रे?" "चारदा!" म्हणायचा.

त्याच्या फुफ्फुसात गाठ निघाली, यकृतातही दिसल्या. फुफ्फुसातला तुकडा तपासला, त्यात एक जनुकीय बदल सापडला आणि नेमकी त्याच्यावरच चालणारी गोळी होती. मी सिद्धेश्वराला नारळ फोडला. अण्णानं मात्र डॉक्टरीणबाईंना विचारलं, "यकृतातलं बी तेच हाय, हे कशावरनं?" मी त्याला कोपरानं ढोसलं. एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांना काय विचारायचं ते! पण बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे काका. एकाच माणसाच्या गाठी आतून वेगवेगळ्या असू शकतात. तिथलाही तुकडा काढता येईल, थोडा रक्तस्रावाचा धोका आहे. तुम्ही ठरवा." अण्णानं माझ्याकडे बघितलं. "नको रे बाबा, पुन्हा सुई नको," मी म्हणाले, "औषध मिळालंय ना?" "तू म्हणतीस तर ऱ्हाऊ दे." मग बाहेर येऊन आम्ही दोघंच चहा प्यालो; वहिनी घरीच होती.

गोळी लागू पडली. खोकला थांबला, भाकरी जाऊ लागली. आणि तीन महिन्यांनी डोळे पिवळे झाले… फुफ्फुसातली गाठ आक्रसली होती, यकृतातल्या वाढल्या होत्या. मग तिथला तुकडा काढला. त्यात तो बदल नव्हताच. औषध बदललं, पण अंगात ताकद उरली नव्हती. आधी कळलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही, असं बाई म्हणतात. नसते वाचले, असंही सांगता येत नाही ना!

परवा वहिनीनं विचारलं, "वन्सं, तेव्हाच दुसरा तुकडा का नाही काढला हो?" मी पटकन बोलून गेले, "अण्णाच नको म्हणाला." गेलेल्या माणसावर ढकललं मी! वहिनी त्याच्या फोटोकडे बघत पुटपुटली, "घाबरले असतील…"

हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येतंय, ती वहिनी दर रविवारी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. वहिनी, अण्णा घाबरला नव्हता. नको मी म्हणाले होते. संध्याकाळी येते… दार उघडायचं की नाही, तुझं तू ठरव.